आरोग्याचा हक्क मागणाऱ्या संस्थांमध्ये बाईचं स्थान काय? आपल्या कुटुंबांनी माहीत करून घ्यावं असं सगळं

मळवली स्टेशनावर उतरून भाजे गाव मागे टाकलं की चढ सुरू होतो. लोहगड आणि विसापूर या दोन किल्ल्यांच्या मधल्या गायमुख खिंडीतून पुढे गेलं की लोहगडवाडी लागते. मावळ तालुक्यातलं हे छोटं गाव शनिवार-रविवारी पर्यटकांनी भरून जातं. २०२५ च्या जुलैमध्ये लोहगडाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर गावाचं नाव आणखी लोकांच्या तोंडी आलं. पिठलं-भाकरी, भजी, चहा विकून इथली बरीच घरं चालतात आणि चुलीपुढे बहुतेक बाईच असते.

आता एक रात्र डोळ्यांपुढे आणा. पावसाळा आहे, धुकं आहे, रस्ता निसरडा आहे आणि वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या आहेत. १०८ ला फोन लावायचा तर फोन कुणाच्या हातात आहे? दवाखान्यात न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे कोण ठरवणार? सरकारी दवाखाना की खाजगी, पैसे कुणाकडे मागायचे, बरोबर कोण जाणार? या सगळ्या प्रश्नांत ज्या बाईला कळा येताहेत तिचं मत कितव्या क्रमांकावर येतं?

रस्ता, गाडी, डॉक्टर, औषध मिळणं हा आरोग्याचा हक्क आहेच. त्या हक्कापर्यंत पोहोचायला बाईला घरात, गावात आणि दवाखान्यात किती दारं ओलांडावी लागतात हे ओळखणं, याला लिंगभावाची जाणीव म्हणतात. लोकांच्या आरोग्य हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांकडे ही जाणीव आहे का, त्यांच्या स्वतःच्या कार्यालयात ती दिसते का, आणि आपल्या समाजाच्या संस्थांनी यातून काय घ्यावं, हे आम्ही या लेखात एकत्र मांडत आहोत.

लिंग आणि लिंगभाव

बाळ मुलगा की मुलगी, हे शरीर सांगतं. ते लिंग. मुलीनं शेवटी जेवावं, मुलानं रडू नये, सुनेनं आजारपण अंगावर काढावं, नसबंदी बाईनंच करावी, हे शरीर सांगत नाही, समाज सांगतो. हा लिंगभाव. समाजानं ठरवलेलं असल्यामुळे समाज ते बदलूही शकतो.

याचा आरोग्याशी संबंध किती जवळचा आहे, ते आकड्यांतून दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे निम्म्याहून अधिक. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांच्या कुटुंबात स्त्री-नसबंदी झालेली होती, तर पुरुष-नसबंदीचं प्रमाण एक टक्काही नव्हतं. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी वेळाची आणि कमी धोक्याची असते. तरी टेबलावर झोपायची वेळ बाईवरच येते. यामागे वैद्यकीय कारण नाही, लिंगभाव आहे.

लिंगभाव पुरुषांनाही जाचतो. 'मर्द आदमी' म्हणून खोकला, छातीत दुखणं, मनाचा आजार लपवणारे अब्बू आणि चाचा आपल्याच घरात असतात. मूल होत नसेल तर तपासणी आधी सुनेची होते, मुलाची नंतर, कधी कधी होतच नाही. तृतीयपंथी व्यक्तींची अडचण याहून मोठी. कोणत्या वॉर्डात ठेवायचं, इथूनच त्यांचे हाल सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ मध्ये 'नालसा' खटल्यात त्यांची ओळख मान्य केली, पण दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर ती मान्यता अजून सगळीकडे पोहोचलेली नाही.

महाराष्ट्रात हा विचार कसा वाढला

या बाबतीत आपल्या राज्याला सांगण्यासारखा इतिहास आहे.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढाच हिशेब होता. पांढरं जाणं, पोटात दुखणं, अंग बाहेर येणं या तक्रारी घेऊन बाई वर्षानुवर्षं जगते आणि तिला कुणी विचारत नाही, हे या अभ्यासानं जगापुढे ठेवलं.

पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यात १९८७ पासून 'मासूम' म्हणजे महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ काम करतं आहे. मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी यांनी ते सुरू केलं. गावातल्याच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करायचं, आपलं शरीर आपण समजून घ्यायला शिकवायचं आणि घरातल्या मारहाणीकडेही आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायचं, अशी या कामाची दिशा राहिली.

गर्भलिंग निदानाविरुद्धची लढाई हाही याच वाटेवरचा टप्पा. अशा चाचण्यांवर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला. तो देशातला पहिला. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. पण कायदा कागदावरच राहतोय हे पाहून २००० साली मुंबईची 'सेहत' संस्था, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं अंमलबजावणीचे सक्त आदेश दिले आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे अर्जदार आरोग्य क्षेत्रातले होते आणि सोनोग्राफीच्या यंत्रामागे समाजाची कोणती नजर उभी आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्याच २००० साली मुंबईत वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. सरकारी रुग्णालयातच मारहाण सोसणाऱ्या बाईला समुपदेशन आणि आधार देणारं हे देशातलं पहिलं केंद्र मानलं जातं. त्यामागचा विचार साधा आहे. बाई पोलीस ठाण्यात जायला कचरते, पण जखमेवर पट्टी बांधायला दवाखान्यात येतेच. 'पडले', 'दार लागलं' असं ती सांगते. तिथे कुणीतरी प्रेमानं दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. पुढे हे केंद्र मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही गेलं.

२०००-०१ च्या सुमारास देशभरच्या संघटना एकत्र येऊन जन स्वास्थ्य अभियान उभं राहिलं. महाराष्ट्रात ते 'जन आरोग्य अभियान' या नावानं ओळखलं जातं. २००७ पासून राज्यात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' संस्था तिची राज्य पातळीवरची समन्वयक होती आणि सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत पुणे जिल्हाही होता. गावकऱ्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडायचे, अशी ही पद्धत. बाळंतपणात पैसे मागितले, नर्स रात्री नव्हती, औषध बाहेरून आणायला लावलं, हे बायका माईक हातात घेऊन सांगू लागल्या.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न गाजला. राज्यानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीत काम बुडालं तर मुकादम दंड कापतो, फडात संडास नाही, पाणी नाही, आणि डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाका. मजुरी, जात, गरिबी आणि बाईपण यांचा पीळ एकाच शरीरात कसा बसतो, ते या आकड्यात दिसतं.

मुस्लिम बाईचा दुहेरी अनुभव

आपल्या घरातल्या बायकांना हे सगळं लागू होतंच, वर आणखी एक थर असतो. सेहतनं २०१३ मध्ये मुंबईतल्या दवाखान्यांमधल्या धर्माधारित भेदभावावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुस्लिम आणि इतर धर्मीय स्त्रियांशी बोलून तो केला होता. बुरख्यावरून बोलणं, 'तुमच्यात मुलं फार' असले टोमणे, असे अनुभव त्यात मुस्लिम स्त्रियांनी सांगितले.

आपल्यापैकी कित्येकींच्या अम्मीनं, खालानं, भाभीनं हे ऐकलेलं आहे. त्याचा परिणाम पुढच्या वेळी दिसतो. बाई म्हणते, 'नको ग बाई तो सरकारी दवाखाना.' मग कर्ज काढून खाजगीत जायचं किंवा दुखणं अंगावर काढायचं. अपमानामुळे उपचार टळतो, म्हणून अपमान हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

पण खरं बोलायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळा दोष बाहेरचा नाही. 'डॉक्टर बाईच हवी' हा आग्रह रास्त आहे, पण बाई डॉक्टर नाही म्हणून तापाने फणफणलेल्या मुलीला घरी ठेवणं रास्त नाही. आणि बाई डॉक्टर हव्या असतील तर मुलींना बारावी विज्ञानाला, नर्सिंगला, वैद्यकीय शिक्षणाला पाठवावं लागेल. इस्लामी इतिहासात रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आदरानं घेतलं जातं. पैगंबर (स.) यांच्या काळात मदिनेत मशिदीजवळच्या तंबूत त्या जखमींची शुश्रूषा करत आणि इतर स्त्रियांनाही ते काम शिकवत, असं परंपरा सांगते. बाईनं आरोग्याच्या कामात पुढे असणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

संस्थेच्या आत डोकावलं तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जगाला समता शिकवणाऱ्या संस्थेत समता असते का?

पुणे आणि मुंबई या दोन्हींकडून सोयीचं पडतं म्हणून लोणावळा, कार्ला, मळवली या भागात संस्थांची निवासी शिबिरं होत असतात. आम्हीही अशा एका शिबिरात बसलो होतो. विषय होता स्त्रियांचं आरोग्य. व्यासपीठावर चार पुरुष डॉक्टर होते आणि गावागावांतून आलेल्या कार्यकर्त्या मागच्या सतरंजीवर. चहाचे कप कोण उचलत होतं, ते सांगायला नको. दिवसभर चर्चा चांगली झाली. पण पुढच्या वर्षाचा कार्यक्रम ठरला तो रात्री जेवणानंतर, साडेनऊच्या पुढे. तोवर लहान मुलं असलेल्या बायका खोल्यांत गेल्या होत्या, आणि भावाबरोबर आलेल्या आपल्या समाजाच्या एक आपा संध्याकाळच्या लोकलनं परतल्या होत्या. सकाळी त्या बायकांच्या हातात ठरलेला कागद आला. कुणी त्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं नव्हतं. बैठकीची वेळच अशी होती की त्या आपोआप बाहेर राहिल्या.

म्हणून कोणत्याही संस्थेकडे पाहताना, मग ती आरोग्य हक्काची असो, धर्मादाय दवाखाना असो की आपल्या मोहल्ल्याचा ट्रस्ट, आम्ही पुढचे प्रश्न सुचवतो :

१. निर्णय घेणाऱ्या मंडळात किती स्त्रिया आहेत? त्यांची फक्त सही होते की त्या बोलतात, आणि बोललेलं ठरावात येतं का?

२. गावात फिरणारं काम कोण करतं आणि पगार कुणाला जास्त? घरोघरी जाणाऱ्या बायका 'मानधनावर' आणि कार्यालयात बसणारे 'पगारावर', असं आहे का?

३. बैठकीची वेळ आणि जागा बाईला जमेल अशी आहे का? लहान मूल आणलं तर चालतं का? परत जायची सोय कोण करतं?

४. कार्यालयात बाईसाठी वेगळं, कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का? नमाजला कोपरा आहे का?

५. माहिती गोळा करताना स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे ठेवतात का? 'गावात २०० रुग्ण तपासले' एवढं पुरेसं नाही. त्यात बायका किती, वृद्धा किती, एकट्या राहणाऱ्या किती, हे कळलं पाहिजे.

६. लैंगिक छळाची तक्रार कुणाकडे करायची, हे भिंतीवर लिहिलेलं आहे का?

७. पुरुष कार्यकर्त्यांशी या विषयावर बोलणं होतं का? मुंबईत १९९३ पासून काम करणाऱ्या 'मावा' या पुरुषांच्या संस्थेनं मुलग्यांशी आणि पुरुषांशी असा संवाद करता येतो, हे दाखवून दिलेलं आहे.

'आशा' स्वयंसेविकांचं उदाहरण यासाठी पुरेसं बोलकं आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ही व्यवस्था आली. बाळंतपणाला रात्री बरोबर जाणारी, लसीकरणाला हाका मारणारी, कोविडमध्ये घरोघरी फिरलेली ही बाई. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. पण सरकारी भाषेत ती अजून 'स्वयंसेविका' आहे, तिला पगार नाही, मानधन आहे, आणि त्यासाठी तिला वेळोवेळी संपावर बसावं लागलं. सेवा म्हटलं की बाईचं काम फुकट धरायची सवय सरकारला आहे तशी संस्थांनाही आहे.

कामाच्या ठिकाणी छळ : कायदा काय सांगतो

हा कायदा ज्या घटनेतून आला ती घटनाही गावपातळीवर काम करणाऱ्या बाईचीच. राजस्थानात भंवरीदेवी या सरकारी कार्यक्रमातल्या 'साथिन' होत्या. बालविवाह रोखण्याच्या कामामुळे १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतरच्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. महाराष्ट्राला तर अरुणा शानबाग यांची आठवण आहेच. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ मध्ये कामाच्या जागीच हल्ला झाला आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या.

कायद्यातल्या कामाच्या गोष्टी अशा :

- सोसायटी, ट्रस्ट, स्वयंसेवी संस्था, रुग्णालय, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. मानधनावरची, कंत्राटी, शिकाऊ, विनावेतन स्वयंसेविका, सगळ्यांना संरक्षण आहे.
- दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची.
- दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालक-अध्यक्षाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिथे दाद मागता येते.
- तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं कर्तव्य आहे.
- चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी. बाईचं नाव गुप्त राहिलं पाहिजे. समिती न नेमणाऱ्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

मे २०२३ मध्ये गोव्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या उणिवांबद्दल नाराजी व्यक्त केली आणि समित्या नेमल्या आहेत का, हे तपासायला सांगितलं. कायद्याला दहा वर्षं होत आली तरी ही स्थिती होती.

'आपली संस्था घरासारखी आहे, इथे कशाला समिती?' असं बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. पण घरातही छळ होतो, हे आपण जाणतो. समिती असणं म्हणजे कुणावर संशय घेणं नव्हे. मशिदीत अग्निशामक नळकांडं लावतो तेव्हा आपण कुणी आग लावेल असं म्हणत नाही.

दवाखान्यात बाईचे हक्क : लिहून ठेवा

- पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी स्त्री जवळ असावी, अशी मागणी करता येते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत हा हक्क आहे. धर्मावरून भेदभाव न होण्याचा, गोपनीयतेचा आणि माहिती मिळण्याचा हक्कही त्यात आहे.
- सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासूनची ने-आण मोफत आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ही तरतूद आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२.
- नसबंदीसाठी नवऱ्याची सही सरकारी नियमांनुसार आवश्यक नाही.
- गर्भपाताच्या कायद्यात (१९७१, दुरुस्ती २०२१) सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. या विषयाची दीनी बाजू आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावी, पण कायद्याची बाजू माहीत असावी, कारण ती माहीत नसल्यानं बायका भोंदूंच्या हाती लागून जीव गमावतात.
- बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्तीला सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयानं ताबडतोब मोफत उपचार द्यायचे आहेत. हे २०१३ पासून कायद्यात आहे आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. 'आधी पोलिसांत जा' असं सांगून परत पाठवता येत नाही.
- घरात मारहाण होत असेल तर १८१, तातडीच्या वेळी ११२.

आपल्या जमाती आणि ट्रस्टसाठी

आपल्या समाजात आरोग्याचं काम कमी होत नाही. रक्तदान शिबिरं होतात, रुग्णवाहिका आहेत, जकात-सदक्यातून ऑपरेशनला मदत मिळते, कोविडमध्ये तर आपल्या तरुणांनी कफन-दफनाची जबाबदारी जात-धर्म न बघता उचलली. पण मदत वाटणाऱ्या समितीच्या फोटोत बायका शोधाव्या लागतात. त्याचा परिणाम असा होतो की ट्रस्टकडे येणारे अर्ज बहुधा हृदयाच्या, किडनीच्या ऑपरेशनचे असतात. गर्भाशयाच्या आजाराचा, स्तनातल्या गाठीचा, मनाच्या आजाराचा अर्ज घेऊन बाई चार पुरुषांसमोर कशी बसणार? ती येतच नाही, आणि मग समिती म्हणते, 'बायकांची काही मागणी नाही.'

यावर उपाय फार खर्चाचा नाही. वैद्यकीय मदतीच्या समितीत निदान दोन-तीन स्त्रिया घ्या, त्यात एक नर्स किंवा आशाताई असू द्या. आठवड्यातून एक दिवस बायकांचे अर्ज बायकांनीच ऐकावेत. अर्ज नवऱ्याच्या नावानेच हवा, ही अट काढा, कारण तलाकशुदा, बेवा आणि सोडून दिलेल्या बायका तिथेच अडतात. शिबिरात रक्तदाब आणि साखरेबरोबर हिमोग्लोबिन आणि स्तनांची तपासणी ठेवा, आड पडद्याची सोय करा. जुम्याच्या बयानात कधी एकदा इमामसाहेबांनी सुनेच्या आणि मुलीच्या तब्येतीबद्दल पुरुषांना चार शब्द सांगितले, तर दहा शिबिरांचं काम होईल.

पुन्हा लोहगडवाडीकडे

गावपातळीवर दारं उघडी आहेत, ती ढकलावी लागतात. गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. तिच्याकडे खर्चायला थोडा निधीही येतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या सभेत चार बायकांनी एवढं विचारलं तरी पुरे : आपल्या समितीत कोण आहे? निधी कशावर गेला? पावसाळ्यात, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो तेव्हा रुग्णवाहिका वर कशी येणार? नऊ महिने भरत आलेल्या बाईला आधीच खाली नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळ ठेवायचं का, हे तिला विचारलं का?

हे प्रश्न डोंगरावरच्या वाडीला जितके लागू आहेत तितकेच मुंब्रा, मालेगाव, कोंढवा आणि मिरजेतल्या मोहल्ल्याला. आम्ही वाचकांना एकच काम सांगतो. आज रात्री जेवताना घरातल्या बायकांना विचारा की शेवटची तपासणी कधी झाली होती, आणि काय दुखतंय जे सांगितलेलं नाही. उत्तर येईपर्यंत थांबा. पहिल्यांदा 'काही नाही' असंच उत्तर येईल. दुसऱ्यांदा विचारा.